हंडीचा दोर चाळीस फूट कमी पडला तेव्हा

पार्श्वभूमी

गिरणगावातल्या एका चार मजली चाळीचं हे प्रकरण. मंडळ, चाळ आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोराचं जे झालं ते मात्र जसंच्या तसं लिहितो आहे, कारण त्या दोन महिन्यांत मी सगळीकडे हजर होतो आणि काही चुका माझ्याही आहेत.

आमची हंडी आमची चाळ आणि समोरची चाळ यांच्यामध्ये बांधली जायची. मधलं अंतर जेमतेम ४५ फूट. दोराचं एक टोक समोरच्या गच्चीवर पक्कं बांधायचं. दुसरं टोक आमच्या गच्चीच्या बीमला टांगलेल्या कप्पीतून खाली चौकात सोडायचं आणि दहा पोरांनी ते धरायचं. पथक सहा थरांचं असो की सातचं, तेवढी मटकी वरखाली करता यायची. दोर १६ मिलिमीटर जाडीचा, तीन पेडी नायलॉनचा, ११० फूट लांब. बारा-तेरा वर्षं तोच दोर. दरवर्षी बांधण्याआधी त्याला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. ज्यांनी तो मंडळाला आणून दिला ते गृहस्थ आता हयात नाहीत, त्यामुळे जुन्या मंडळींचा त्या दोरावर जीव होता.

मग समोरची चाळ पुनर्विकासाला गेली. तिच्या जागी टॉवर उभा राहिला, पण तो जुन्या जोत्यावर नाही, बराच मागे सरकून. पुढे मोकळी जागा, गाड्यांची वाट. अंतर ४५ वरून ७० फुटांवर गेलं. आता कप्पीतून खाली येऊन पोरांच्या हातात पुरेल असा दोर हवा तर १५० फूट लागणार होता. आमच्याकडे होता ११०.

अडचण

हे आमच्या लक्षात आलं गोपाळकाल्याच्या सहा आठवडे आधी. बैठकीत विषय दोन मिनिटांत संपला. कोणीतरी म्हणालं, चाळीस फूट दोर आणून गाठ मारू. दोन पोरं जाऊन चाळीस फूट घेऊन आली. तो पॉलिप्रॉपिलीनचा होता, निळा, हलका आणि स्वस्त. जाडी सारखी दिसली म्हणून कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

गाठ मारली ती आपण नाडीला मारतो तशीच, दोनदा आवळलेली. जोड हाताच्या बाजूला घेतला, म्हणजे जुना दोर टॉवरपासून कप्पीपर्यंत आणि निळा पोरांच्या हातात. काल्याच्या पंधरा दिवस आधीच्या रविवारी मटकीच्या जागी वाळूची पिशवी बांधून चाचणी घेतली. पिशवी वर गेली. खाली आणताना मात्र दोर कप्पीकडे सरकत गेला, त्याबरोबर गाठही सरकली आणि कप्पीच्या चाकात व बाजूच्या पट्टीत जाऊन अडकली. पिशवी जमिनीपासून सहा-सात फुटांवर लटकलेली. खालून ओढलं तर गाठ निघेना, सोडलं तर आणखी रुते.

आणि मग जे झालं ते आठवलं की आजही हात गार पडतात. आमचा एक विशीतला कार्यकर्ता, त्याला आपण बंड्या म्हणू, काही न विचारता गच्चीच्या कठड्यावर चढला. एका हाताने बीम धरून दुसऱ्या हाताने स्क्रूड्रायव्हर घालून गाठ मोकळी करायला लागला. खाली ४५ फूट. अंगाला काही बांधलेलं नाही. गाठ सुटली, पिशवी धाडकन खाली आली, बंड्या कठड्यावरून आत उतरला. कोणाला काही लागलं नाही. चौकात मात्र बराच वेळ कोणी बोललं नाही.

त्या संध्याकाळी सारंगकाकांना बोलावलं. दुसऱ्या मजल्यावर राहणारे, मूळचे मालवणकडचे, गोदीतल्या टगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा नायक, म्हणून उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांनी गाठ हातात घेतली, वळवून बघितली आणि एवढंच म्हणाले, "गाठ मारलंस की दोर अर्धो मेलो."

पर्याय

बोलणं अतिशयोक्तीचं नव्हतं. दोर ताणला की गाठीच्या वळणावर बाहेरचे तंतू जास्त ताणले जातात आणि आतले दबतात, म्हणून दोर तुटतो तो बहुतेक वेळा गाठीच्या तोंडाशी. गाठ कोणती यावर अवलंबून आहे, पण ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. नाडीची गाठ तर भार वरखाली झाला की उलटून सुटूही शकते. पेड एकमेकांत गुंफून घातलेला सांधा, ज्याला बोटीवर स्प्लाइस म्हणतात, नीट घातला तर साधारण दहा-पंधरा टक्केच ताकद खातो.

पहिला विचार असा आला की गाठ राहू दे, फक्त जोड टॉवरच्या बाजूला घेऊ, म्हणजे ती कप्पीपर्यंत पोचणारच नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटलं. कागदावर मांडल्यावर कळलं की टॉवरपासून ३८ फुटांवर गाठ येते आणि मटकी येते ३५ फुटांवर. म्हणजे हंडी फोडल्यावर गोविंदा जिथे दोराला लोंबकळतो, बरोबर त्याच्या मुठीशी गाठ. तो विचार तिथेच सोडला.

दुसरा पर्याय सांध्याचा. आखूड सांधा मजबूत, पण त्या जागी दोर जवळजवळ दुप्पट जाड होतो, म्हणजे कप्पीत तोही अडकणार. लांब सांधा घातला तर जाडी वाढत नाही आणि कप्पीतून जातो, पण त्याला दोर बराच खर्ची पडतो आणि गुळगुळीत नायलॉनमध्ये तो आखूड सांध्याइतका भरवशाचा नाही. काका लांब सांध्याला तयार नव्हते. माणूस लटकणार असेल तिथे नको, असं त्यांचं स्पष्ट मत.

तिसरा पर्याय, अख्खा नवा दोर घ्यायचा. १५० फूट म्हणजे सात-साडेसात किलो नायलॉन. नागदेवी स्ट्रीटवर गेलो तर अर्ध्या दिवसाचं काम, आणि मंडळाला न झेपण्याइतका खर्च मुळीच नव्हता. तरी बैठकीत विरोध झाला. "चांगला दोर टाकून द्यायचा?" असं खजिनदार म्हणाले आणि जुन्या मंडळींनी माना हलवल्या. पैशाचा प्रश्न नव्हता, दोर कोणी दिला होता त्याचा होता.

शेवटी ठरलं ते असं: निळा तुकडा परत न्यायचा, तेवढाच नायलॉन आणायचा आणि काका सांधा घालतील. निळा का नको, तर दोन्ही दोरांचा स्वभाव वेगळा. नायलॉन ताणला की रबरासारखा लांबतो, पॉलिप्रॉपिलीन त्या मानाने थोडंच. ताण आला की एकाचे पेड सरकतात आणि दुसऱ्याचे जागेवर राहतात, सांधा आतून घासत जातो. शिवाय त्याच जाडीत पॉलिप्रॉपिलीनची ताकदही कमी आणि उन्हात ते लवकर ठिसूळ होतं.

दोर उकलल्यावर

सांधा घालायचा तर आधी दोराचे तीन पेड हातभर सोडवावे लागतात. काकांनी जुन्या दोराचं टोक घेतलं, पीळ उलटा फिरवला आणि थांबले. मला जवळ बोलावलं. पेडांच्या मधल्या फटीत राखाडी पूड भरली होती. त्यांनी एक पेड अंगठ्याने चोळला तर तुटलेल्या तंतूंचा कापसासारखा बारीक पुंजका निघाला. बाहेरून तोच दोर थोडा खरखरीत, बस्स.

"भायरसून काय बघतंस, भितर बघ."

हातभर कापून टाकलं, पुढचं उकललं. तेच. आणखी पाच फूट पुढे जाऊन पेड सळईने उघडून बघितले. तिथेही पूड. असं करत करत ७० फुटांपर्यंत गेलो. तिथून पुढे आत पांढरास्वच्छ नायलॉन लागला.

कारण शोधायला वेळ लागला नाही. दोर वर्षभर गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली वेटोळं करून ठेवलेला असायचा. बाहेरचे फेरे उन्हात, आतले सावलीत. नायलॉनला ऊन खातंच. त्यातून समोरचं बांधकाम तीन वर्षं चाललं होतं आणि सिमेंट-वाळूची धूळ गच्चीभर. ती धूळ पेडांत शिरली, दोर ताणला-सुटला की आतल्या आत कानशीसारखी घासत राहिली. हाच ७० फुटांचा भाग दरवर्षी हवेत, मटकीच्या भाराखाली, गोविंदांच्या डोक्यावर असायचा. गेल्या वर्षीही होता.

या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णयाचा क्षण मी हा मानतो. गाठ चालली असती, म्हणजे कप्पीत अडकली नसती, तर आम्ही तो दोर तसाच वापरला असता. दोर कमी पडला, गाठ अडकली, सांधा घालायला बसलो म्हणून तो आतून उघडून बघितला.

बैठक पुन्हा बसली. काकांनी तो पुंजका एका वाटीत घालून मध्ये ठेवला. खजिनदारांनी तो बोटावर घेतला आणि नव्या दोराला होकार दिला. एका ज्येष्ठ सभासदाने फक्त विचारलं, चांगला निघालेला चाळीस फूट तरी ठेवता येईल का? यावर बरीच चर्चा झाली. काकांनी तोड काढली: ठेवू, पण माणसाचा भार येईल अशा जागी नाही. १२० फूट नवा दोर आणि शेपटाला जुन्यातला ३५ फूट, जो फक्त पोरांच्या हातात राहील. मटकी हव्या त्या उंचीवर गेली की सांध्याच्या अलीकडे, नव्या दोरावरच, तळमजल्याच्या खांबाला पक्की बांध घालायची. मटकी अगदी जमिनीपर्यंत उतरवली तरी सांधा कप्पीपासून बारा-तेरा फूट खालीच राहतो, हे आम्ही खडूने जमिनीवर आखून तपासलं.

सांधा

काकांकडे हाताच्या तेलाने काळपट झालेला एक लाकडी टोकदार खुंटा होता, वीतभर लांबीचा. पाच पोरांना समोर बसवून त्यांनी शिकवलं. बंड्या त्यात होता.

दोन्ही दोरांचा पीळ एकाच दिशेचा आहे ना, हे आधी बघायचं. उलट असेल तर सांधा बसतच नाही. मग दोन्ही टोकांचे तीन-तीन पेड हातभर मोकळे करायचे, जिथे मोकळे व्हायला सुरुवात होते तिथे सुतळीने करकचून बांधायचं, म्हणजे पीळ मागे सुटत जात नाही. प्रत्येक सुट्या पेडाच्या टोकाला चिकटपट्टी. आता दोन्ही पंजे एकमेकांत अडकवायचे, जशी दोन हातांची बोटं गुंफतो तशी. एकाचा पेड दुसऱ्याच्या दोन पेडांच्या मधून. फट राहू द्यायची नाही. मग एक पेड उचलायचा, समोरच्या दोराच्या एका पेडावरून न्यायचा आणि पुढच्याखालून काढायचा, पिळाच्या विरुद्ध. तिन्ही पेड असे एकेकदा गेले की एक फेरा झाला. प्रत्येक फेऱ्याला तिन्ही सारखे ओढायचे. एक ढिला राहिला तर सगळा भार उरलेल्या दोघांवर पडतो.

फेरे किती, इथे आमची चूक झाली. काका जेवायला गेले आणि पोरांनी उत्साहाने तीन फेऱ्यांवर थांबून शेपट्या कापल्या. मनिला किंवा काथ्याच्या दोराला तीन फेरे पुरतात, त्याचे तंतू खडबडीत असतात आणि एकमेकांना धरून बसतात. नायलॉन निसटता. त्याला किमान पाच लागतात. काका परत आले, बघितलं, रागावले नाहीत. "आधी भार देऊन बघा," म्हणाले.

चाचणी

पोरांना रस्सीखेच करून तपासायची होती, दहा इकडे, दहा तिकडे. काकांनी साफ नाही म्हटलं. नायलॉन ताणात लांबून राहतो आणि तुटला किंवा सुटला की सगळी साठलेली ताकद घेऊन मागे फटका मारतो. बोटीवर त्यामुळे माणसांचे पाय गेलेले त्यांनी पाहिले होते. म्हणून सांध्याचा तुकडा जिन्याखालच्या लोखंडी बीमला टांगला आणि खाली ५० किलोच्या वाळूच्या चार गोण्या, जमिनीपासून फक्त वीतभर वर. सगळ्यांना लांब उभं केलं.

भार देण्याआधी काकांनी प्रत्येक पेड जिथे आत जातो तिथे मार्करने काळी रेघ ओढली होती. अर्ध्या तासाने गोण्या उतरवल्या. त्यातल्या दोन रेघा बोटभर बाहेर आल्या होत्या. २०० किलोला बोटभर. पोरांनी स्वतःच सांधा कापून टाकला, पुन्हा घातला. या वेळी पाच पूर्ण फेरे, त्यानंतर पेडातले निम्मे तंतू कापून आणखी एक, म्हणजे जोड शेवटाला निमुळता झाला. टोकं मेणबत्तीवर वितळवली, सांधा पायाखाली घेऊन जमिनीवर लाटला. रात्रभर गोण्या लटकवल्या. सकाळी रेघा होत्या तिथेच.

टॉवरकडच्या टोकालाही गाठ ठेवली नाही. तिथे दोर स्वतःवर वळवून डोळा, म्हणजे कायमचा फास, गुंफला आणि आत लोखंडी थिंबल, म्हणजे खोबणीची कडी, बसवलं. सोसायटीने पोडियमवरच्या स्टीलच्या रेलिंगला बांधायला सांगितलं होतं. ते आम्ही नाकारलं आणि काँक्रीटच्या खांबाची परवानगी मागितली. खांबाच्या कडेवर गोणपाटाच्या चार घड्या घालून वेगळ्या पट्ट्याचा वेढा दिला आणि त्यात डोळा अडकवला.

रेलिंग का नाही, हे सांगायला मी सोसायटीच्या बैठकीत एक आकृती काढून नेली होती. आडवा दोर जितका ताठ, तितका त्यावरचा ताण भयंकर वाढतो. मटकी, तिच्यातलं दहीपाणी, फुलांच्या माळा, केळी-नारळ आणि वर लोंबकळणारा गोविंदा मिळून ७० किलो धरा. ७० फुटांच्या अंतरात भारासकट दोर मधोमध फक्त ३ फूट झोळला तर दोरावर ताण येतो वजनाच्या जवळजवळ सहापट, ४०० किलोच्या वर. ७ फूट झोळू दिला तर अडीचपट, १८० किलोच्या आसपास. झटका बसला तर यातला कोणताही आकडा दुप्पट होऊ शकतो. कप्पीच्या हुकावर तर दोर काटकोनात वळत असल्याने ताणाच्या साधारण १.४ पट भार. १६ मिलिमीटरचा नवा नायलॉन पाच टनांच्या आसपास तुटतो, पण माणूस लटकणार असेल तर त्याचा दहावा-बारावा हिस्साच धरायचा, म्हणजे चार-पाचशे किलो. इतकी वर्षं आम्ही दोर तारेसारखा ताठ करायचो. झोळ दिसला की वाईट दिसतं, म्हणून.

दिवस

काल्याच्या दिवशी मटकी ७ फुटांच्या झोळावर राहिली. वरच्या थरातल्या गोविंदाचा सुरक्षा दोर हंडीच्या दोरावर नाही, स्वतंत्र बीमवरून होता. हा नियम आम्ही आधीपासून पाळतो. १४ वर्षांखालच्या मुलाला थरावर चढवायचं नाही, हाही. २०१७ साली शासनाने उच्च न्यायालयात तशी हमी दिली होती. खांबाच्या बांधावर दिवसभर एकजण फक्त बघत उभा होता. संध्याकाळी एका पथकाने सहा थरांवर हंडी फोडली. वरचा मुलगा दोराला लोंबकळला, दोर हातभर खाली आला, तो हसत होता. मी दोराकडे बघत होतो. मग पोरांनी त्याला अलगद उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सांधा तपासला. रेघा जागेवर. एका फेऱ्यात झेंडूचा दोरा अडकला होता, तेवढाच.

आज काय वेगळं केलं असतं

जुन्या दोराचं शेपूट मी ठेवलं नसतं. ते सुरक्षित जागी होतं हे खरं, तरी त्यापायी सांधा, दोन चाचण्या आणि आठवडा गेला. १५० फूट अखंड दोरात यातलं काहीच लागलं नसतं. दोर देणाऱ्याची आठवण भिंतीवर लावता आली असती, आणि पुढच्या वर्षी आम्ही तेच केलं. दोर बदलला आणि जुन्यातला चांगला तुकडा डोळा गुंफून मंडळाच्या खोलीत टांगला. ती सूचना त्याच ज्येष्ठ सभासदाची होती.

काम सहा आठवडे आधी नाही, आषाढाच्याही आधी सुरू करायला हवं होतं. टॉवरचा नकाशा दोन वर्षं चाळीच्या फलकावर लागलेला होता. अंतर वाढणार हे तिथेच लिहिलं होतं आणि आम्ही कोणी फूटपट्टी लावली नाही.

कठड्यावर चढणाऱ्याला अडवायचं काम माझं होतं. मी चार पावलांवर होतो. आता गच्चीवर पट्टा बांधल्याशिवाय कोणी कठड्याला हात लावत नाही आणि कप्पी अडकली तर आधी मटकी खालून बांबूने टेकवायची असं ठरलं आहे. ते आधी का ठरलं नव्हतं याला माझ्याकडे उत्तर नाही.

दोर आता गच्चीवर नसतो. मंडळाच्या खोलीत, गोणपाटात, कोरडा. त्याला विकत घेतल्याच्या तारखेची पट्टी शिवली आहे. दरवर्षी नारळ फोडायच्या आधी बंड्या काकांचा खुंटा घेऊन बसतो आणि दोर तीन ठिकाणी उघडून आत बघतो. काकांची नजर आता अधू झाली आहे. ते शेजारी खुर्चीवर बसतात, बंड्या पेड त्यांच्या बोटांखाली धरतो आणि ते अंगठ्याने चोळून सांगतात.